नारळ, हेलिकॉप्टर आणि मार्गासनी

"तिकडे अंटार्क्टिकावर हेलिकॉप्टरं उडवायला पैसे आहेत आणि इकडे गावात प्यायला पाणी नाही!" हे वाक्य टपरीवर तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. टाळ्या हमखास मिळतात. पण वाक्य साफ उलटं आहे.

२०११ साली अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीवरून एक हेलिकॉप्टर फिरलं. खाली दोराला टांगलेला भलामोठा षटकोनी सांगाडा. त्यातल्या तारेत वीज सोडायची आणि झटक्यात बंद करायची. त्यामुळे जमिनीत क्षणभर प्रवाह तयार होतात, आणि ते कसे विरतात त्यावरून खाली काय आहे ते कळतं. बर्फातून वीज फारशी वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून वाहते. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: हिमनदीच्या खाली आणि पुढच्या दरीतही जमिनीत खारं पाणी आहे. बर्फाला एकही भोक न पाडता!

आता गंमत बघा. स्कायटेम नावाचं हे यंत्र ध्रुवासाठी बनलंच नव्हतं. डेन्मार्कच्या आऱ्हूस विद्यापीठात ते तयार झालं भूजलाचे नकाशे काढायला. म्हणजे प्यायच्या पाण्याचं यंत्र ध्रुवावर गेलं. ध्रुवाने कुणाचं पाणी पळवलं नाही. आणि हे स्कायटेम आपल्याकडेही येऊन गेलंय. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या एनजीआरआयने २०१३-१४ च्या सुमारास देशात सहा ठिकाणी ते वापरलं. त्यात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागेचं खोरं होतं (पंढरपूरची नव्हे, ही वेगळी).

आता चला मार्गासनीला. गुंजवण्यातून राजगड चढणाऱ्यांना हा रस्ता पाठ असतो: नसरापूर, मार्गासनी, साखर, गुंजवणे. पावसाळ्यात इथे छत्री टिकत नाही, आणि उन्हाळ्यात वेल्हे-भोरच्या डोंगरातल्या वाड्यांवर हंडे रांगेत. कारण आपला काळा कातळ म्हणजे स्पंज नव्हे. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या फटींत. टाकी तेवढीच, आणि सगळ्यांची मिळून एकच.

या टाकीचं आपण काय करतो? गडाचा व्ह्यू बघून वीकेंड होमचा प्लॉट घेतो. मग एक बुवा तळहातावर नारळ घेऊन फिरतात, नारळ उभा राहतो, आणि तिथे तीनशे फूट बोअर. लॉग न बघता प्रोडक्शन सर्व्हरला हात लावणाऱ्या पोराला आपण दिवसभर झापतो, इथे मात्र नारळ चालतो! खालच्या वाडीचा झरा त्याच भेगेवर जगत असेल तर? विचारलंय कुणी?

"मग उडवा की हेलिकॉप्टर," असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं ते नाहीच. सह्याद्रीच्या कड्यांत तो सांगाडा जमिनीपासून तीस-चाळीस मीटरवर ठेवून उडणं सोपं नाही, विजेच्या तारा सिग्नल बिघडवतात, आणि नुसत्या नकाशाने हंडा भरत नाही. एवढ्याशा खोऱ्याला जमिनीवरून केलेलं सर्वेक्षण आणि विहिरींची नीट मोजणी पुरते. ते जाणणारी माणसं पुण्यातच आहेत: सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था आहे. १९९३ च्या कायद्यानेच सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली होती. पुढे त्याहून व्यापक असा २००९ चा कायदा आला. अडलंय ते आपल्या सवयीपाशी.

मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या बोअरची खोली, लागलेले थर आणि पाण्याची पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. डेन्मार्क आपल्या सर्वेक्षणांचा डेटा सगळ्यांना खुला ठेवतो. आपण ओपन सोर्सवर तासन्‌तास भांडतो, मग स्वतःच्या बोअरचा डेटा द्यायला का कचरतो?

तेव्हा पुढच्या वेळी अंटार्क्टिकावर घसरण्याआधी आपल्या प्लॉटपासून वाडीचा झरा किती मीटरवर आहे ते मोजून या.

असो. नारळ फेकू नका, चटणी चांगली होते. :)