स्वेटर हाही गणवेशच

मार्गशीर्षात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पहाटेचा वारा बोचू लागला, की आंबा बागायतदाराचा चेहरा खुलतो. हापूसला मोहोर फुटायचा तर रात्री गार पडायला हव्यात, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोकणच्या किनाऱ्यावर थंडीचे कौतुक असते ते बहुधा आंब्यापुरतेच. दापोलीसारखा उंचावरचा भाग सोडला, तर ती पाहुणी म्हणून येते आणि पाहुण्यासारखीच निघून जाते. कोकणी घराची खरी तयारी असते पावसाची. ओला गणवेश चुलीच्या वर दोरीवर टाकून सकाळपर्यंत कसा वाळवायचा, हे इथल्या प्रत्येक आईला येते. स्वेटर मात्र ट्रंकेच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून असतो. तोही असला तर.

याच घरातले तेरा-चौदा वर्षांचे मूल एक दिवस उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसते. राजापूर तालुक्यातील पडवे येथे रत्नागिरी जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही निवासी विद्यालये देशभर उभी राहिली. त्याआधी प्रयोग म्हणून जी पहिली दोन विद्यालये निघाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला होते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव आणि निवास, भोजन, पुस्तके व गणवेश विनामूल्य, अशी ही व्यवस्था आहे. तिचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य म्हणजे विद्यार्थ्यांची अदलाबदल. नववीतील ३० टक्के विद्यार्थ्यांनी एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात काढावे, हिंदी भाषकांनी अहिंदी प्रांतात आणि अहिंदी भाषकांनी हिंदी प्रांतात, असे हे धोरण आहे. राष्ट्रीय एकात्मतेवर व्याख्याने पुष्कळ झाली; पण कोकणातल्या मुलाने उत्तरेतल्या मुलाच्या शेजारी वर्षभर झोपावे, जेवावे आणि भांडावेही, ही एकात्मता कोणत्याही व्याख्यानाने साधत नाही.

परंतु दिवाळीची सुट्टी संपली, की या योजनेला थंडीची परीक्षा द्यावी लागते. उत्तरेत जानेवारीत रात्रीचे तापमान चार-पाच अंशांवर येते आणि धुक्यात सूर्य दुपारपर्यंत दिसत नाही. रत्नागिरीत पारा अठरा अंशांवर आला तरी ज्याने कान बांधलेले पाहिले, त्या मुलाला ही थंडी कल्पनेतही मावत नाही. निवासी शाळेचा दिवस पहाटेच्या कवायतीने सुरू होतो. घरी पाठवायच्या पत्रात ‘इथे खूप थंडी आहे’ एवढेच वाक्य असते, कारण आईने काळजी करू नये, हे त्या वयातही कळते.

हा अनुभव एका विद्यालयाचा किंवा एका योजनेचा नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली. नाशिकची भोंसला सैनिकी शाळा डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये उभी केली. पाचगणीची वसतिगृहे त्याहून जुनी आहेत. वनवासी भागातील आश्रमशाळा आणि वसतिगृहे तर राज्यभर पसरलेली आहेत. या सर्व ठिकाणी गणवेश असतो, त्याचे नियम असतात आणि दरवर्षी हिवाळाही येतो. तरीही गणवेशाची कल्पना करताना आपल्या डोळ्यांपुढे येतो तो जून महिना. शर्ट, पँट किंवा स्कर्ट, बूट, मोजे यांची यादी झाली, की गणवेश पूर्ण झाला असे आपण मानतो. थंडीचे कपडे ही पालकांची खासगी बाब ठरते. गणवेशाच्या मूळ हेतूला तडा जातो तो इथे.

गणवेश कशासाठी, याचे उत्तर रत्नागिरीइतके स्पष्टपणे दुसरे गाव क्वचितच देईल. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. शाळेत अस्पृश्य मानलेल्या मुलांना वेगळे बसविण्याची रीत त्यांनी मोडायला घेतली आणि सर्व जातींच्या मुलांनी सरमिसळ बसावे म्हणून जिल्हाभर पाठपुरावा केला. शेजारी बसलेल्या मुलाचे घर कोणते, हे वर्गात दिसू नये, ही त्या आग्रहामागची दृष्टी होती. गणवेश तेच काम कापडाने करतो. पण डिसेंबर उजाडला, की एकाच बाकावरची दोन मुले वेगळी दिसू लागतात. एकाच्या अंगावर नवे कोरे जाकीट असते, तर दुसरा हात काखेत घालून बसलेला असतो. सहा महिने कापडाने जे झाकले, ते थंडी एका सकाळीत उघडे करते. अशा वेळी शाळा जाकिटाला ‘गणवेशात बसत नाही’ म्हणून बंदी घालते, तेव्हा समता साधते खरी, पण दोघांनाही कुडकुडायला लावून!

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे : थोडी थंडी सोसली, तर मुले काटक होतात. शिबिरांत आणि वर्गांत पहाटे गार पाण्याने आंघोळ केलेल्या पिढीला हे उत्तर विशेष प्रिय आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. व्यायामाने, नियमित आहाराने आणि हळूहळू होणाऱ्या सवयीने शरीर घडते. मात्र, स्वेच्छेने आठ-दहा दिवस सोसलेली थंडी आणि दुसरा पर्याय नाही म्हणून तीन महिने सोसावी लागणारी थंडी, या दोहोंना एकच नाव देणे प्रामाणिकपणाचे नाही. १९६२ साली नेफाच्या सीमेवर आपल्या जवानांना सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयाच्या थंडीपुढे उभे केले गेले. ते शौर्याने लढले. पण त्यांच्या अंगावर लोकर नव्हती, हा त्यांच्या शौर्याचा भाग नव्हता, तो राज्यकर्त्यांचा अपराध होता. आज सियाचेनवरच्या जवानाला खास थरांचे उबदार कपडे दिले जातात, म्हणून तो कमी काटक ठरत नाही. जे शहाणपण राष्ट्राने सैनिकाच्या बाबतीत एवढी किंमत मोजून मिळविले, ते वसतिगृहातल्या मुलाच्या बाबतीत फुकट वापरायला हरकत नसावी.

गणवेश बदलला, की शिस्त ढासळते, ही भीतीही अनाठायी आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २०१६ मध्ये नागौरच्या प्रतिनिधी सभेत निर्णय घेऊन त्याच वर्षीच्या विजयादशमीपासून खाकी अर्ध्या चड्डीच्या जागी तपकिरी पूर्ण पँट आणली. नऊ दशकांची ओळख बदलली. शाखा त्याच वेळेला लागत राहिली.

किंबहुना, गणवेशाच्या बाजूने जे ठामपणे उभे राहिले, त्यांच्यावर याची जबाबदारी अधिक आहे. कर्नाटकातील हिजाबच्या वादात १५ मार्च २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने गणवेश ठरविण्याचा अधिकार मान्य केला. सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवले गेले. त्या वादात ‘शाळेत सर्वांनी सारखे दिसावे’ असा आग्रह ज्यांनी धरला, त्यांनी ‘सर्वांना सारखी ऊबही मिळावी’ हे त्याच आवाजात म्हटले पाहिजे. अन्यथा तो आग्रह एकांगी ठरेल.

हे करायचे कसे? नुसत्या सरकारी खरेदीवर विसंबून भागत नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना २०२४-२५ मध्ये चांगल्या हेतूने राबविली गेली. पण गणवेश उशिरा पोहोचले, मापे चुकली आणि त्याच डिसेंबरात खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. धडा साधा आहे. कपडा अंगाच्या मापाचा आणि ऋतूच्या आधी हवा. मार्चमध्ये मिळालेला स्वेटर कागदावर वाटप ठरतो, अंगावर नाही.

प्रवेशाच्या पत्रातच हिवाळी गणवेशाची यादी असावी आणि त्या गावी थंडी किती पडते, हे आकड्यांत लिहावे. रत्नागिरीच्या पालकाला ते अन्यथा कळणार कसे? रंगाचा नियम सर्वांत वरच्या कपड्याला असावा. आतमध्ये मूल पूर्ण बाह्यांचा बनियन घालते की आजीने विणलेला स्वेटर, यात शाळेने लक्ष घालू नये. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपड्यांत हवा अडकून ऊब अधिक राहते, त्यामुळे हा मार्ग स्वस्तही आहे. मुलींना स्कर्टखाली त्याच रंगाची लोकरी विजार किंवा त्याऐवजी सलवार घालण्याची मुभा हवी. ती मागून घ्यावी लागू नये. वसतिगृहाच्या कोठीत निरनिराळ्या मापांचे दहा-वीस स्वेटर कायम असावेत आणि ते देताना चारचौघांत नाव पुकारू नये. कडाक्याची लाट आली, की पहाटेची कवायत ऊन पडल्यावर घ्यावी.

यातले बरेचसे समाजही करू शकतो. सुट्टीत घरी आलेल्या वसतिगृहातल्या मुलाला मध्यमवर्गीय कुटुंबे मार्क विचारतात; अंथरूण-पांघरूण पुरते का, हे विचारायचे राहून जाते. एखाद्या भगिनी मंडळाने शाळेकडून रंग आणि मापे मागवून भाद्रपदात सुया हाती घेतल्या, तर दिवाळीपर्यंत एका वसतिगृहाची कोठी भरते. बाहेर जाणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत काय आहे, हे एकदा उघडून पाहिले तरी पुष्कळ होईल.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. एरवी सणासुदीला काळे वस्त्र वर्ज्य मानणारा मराठी समाज संक्रांतीला मात्र आवर्जून काळी चंद्रकळा नेसतो आणि तान्ह्या बाळालाही काळे झबले घालतो. कारण काळा रंग ऊन धरून ठेवतो. तिळगुळाच्या वाटीसोबत आपल्या पूर्वजांनी एवढे शहाणपण ठेवून दिले आहे, की ऋतू आला म्हणजे रंगाचा नियमही बाजूला सरतो. शाळेच्या गणवेशाला तेवढे सरकता यावे.