शिक्क्याची गोधडी
आमच्या चिरंजीवांनी आजीच्या गोधडीचा फोटो काढला, फोटोशॉपमध्ये त्यातला एक चौकोन निवडला, ‘डिफाइन पॅटर्न’ केलं, शिफ्ट-एफ ५ दाबलं आणि लग्नपत्रिकेवरचा अख्खा कलश भरून टाकला. म्हणे, “बाबा, झाली गोधडी!”

कसली गोधडी! माझ्या शाळेच्या सदऱ्याचं एकच ठिगळ शंभरदा! वडिलांचं धोतर, आत्याचा परकर गेला कुठं? एकच ठसा पुन्हापुन्हा उठवायचं काम मी बँकेत वीस वर्षं करतोय. त्याला कुणी कला म्हटलेलं नाही. १९९० साली आलेलं हे फोटोशॉप जागा भरतं, कबूल. पण आई जागा भरत नव्हती हो, माणसं जोडत होती! फरक पटत नसेल त्यानं थंडीत पत्रिका पांघरून झोपावं.