बंधारा जनतेच्या पैशाचा, पाणी कोणाचे?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे बाजारपेठेचे गाव. सारा टापू पर्जन्यछायेचा. मेहकरी, कडा, कडी हे मध्यम प्रकल्प याच तालुक्यात आहेत. पण पावसाने ओढ दिली की तलावांचे तळ उघडे पडतात. १९७२ च्या दुष्काळापासून या मुलखात मृद्‌संधारणावर व जलसंधारणावर शासनाचा पैसा येतच राहिला आहे. नालाबांध झाले, पाझर तलाव झाले, समतल चर खणले गेले, सिमेंटचे बंधारे उभे राहिले, शेततळी झाली. प्रत्येक सरकारने योजनेला नवे नाव दिले. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या आणि त्यांत आष्टी तालुक्याचा वाटा मोठा होता. याचा सारा दोष पावसावर टाकून मोकळे होणे सोयीचे असले, तरी प्रामाणिकपणाचे नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले. दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करण्याचा संकल्प होता. २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल पातळी वाढविण्यात अभियानाला अपयश आल्याचे नमूद केले. त्यानंतर चौकशी, आरोप-प्रत्यारोप आणि पुढे त्याच अभियानाचा दुसरा टप्पा, असा क्रम झाला. भ्रष्टाचार झाला असेल तेथे शिक्षा व्हावीच. परंतु प्रत्येक बंधारा चोख बांधला असता, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहिला असता. अडविलेले पाणी कोणाचे, हा तो प्रश्न.

बंधाऱ्याने अडविलेले पाणी जमिनीत मुरते आणि खडकाच्या भेगांतून आसपासच्या विहिरींना उतरते. मुरलेल्या पाण्यावर गावाची मालकी नसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की, ज्याची जमीन त्याच्याखालचे पाणी त्याचे. म्हणजे बंधारा सार्वजनिक पैशाने बांधायचा आणि ज्याची विंधनविहीर अधिक खोल, ज्याचा पंप अधिक शक्तीचा, त्याने ते पाणी उपसून उसाला घालायचे! शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर माघातच आटते. भूमिहीनाला तर पाण्याचा थेंबही मिळत नाही. अशा वेळी संधारणाचे अनुदान हे सार्वजनिक संपत्तीचे खाजगी मालमत्तेत रूपांतर करणारे यंत्र ठरते.

व्यक्तिगत अनुदानाची कथा याहून वेगळी नाही. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान होते. पण आरंभी किमान ०.६० हेक्टर जमिनीची अट होती. काम आधी स्वतःच्या खर्चाने करायचे आणि अनुदान मागाहून मिळायचे. ज्याच्या हाती पैसा नाही त्याने सावकाराचे दार ठोठवायचे की योजनेचा नाद सोडायचा? शिवाय तळ्यात पावसाचे पाणी साठण्याऐवजी अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर टाकून विहिरीचे पाणी त्यात भरले जाते. भूजल वाढविण्यासाठी दिलेले अनुदान अशा रीतीने भूजल उपसण्याच्या कामी येते.

१९७२ च्या दुष्काळाचा वारसा वेगळा होता. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या आग्रहातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. त्याच्या खर्चासाठी शहरी पगारदार व व्यावसायिकांनी व्यवसाय कर द्यायचा आणि शासनाने तितकीच भर घालायची, हे तत्त्व ठरले. संधारणाच्या कामात श्रमिकाला निदान मजुरीचा वाटा होता. पुढे यंत्रे आली, खोलीकरणाची कामे त्यांनी उरकली आणि तो वाटाही आक्रसला. बीडचा मजूर मात्र दरसाल दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतोच आहे.

दुसरी वाट नाही, असे मात्र नाही. सत्तरच्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायत उभी केली. तिने पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी दिले: माणशी अर्धा एकर, कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा, उसाला बंदी आणि भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क. खानापूर तालुक्यात बळीराजा धरणाच्या लढ्याने समन्यायी वाटपाचे हेच तत्त्व पुढे नेले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी विंधनविहिरींना बंदी करून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. या प्रयोगांचे गुणगान सर्व पक्ष करतात. त्यांचे नियम मात्र कायद्यात उतरवायला कोणी धजत नाही. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला; गावपातळीवर त्याचा धाक जाणवत नाही.

निर्बंध घातले तर आधीच नाडलेला शेतकरी आणखी अडचणीत येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्वारी, बाजरी, तूर यांना खात्रीचा भाव आणि खरेदी नसेल, तर ऊस नको म्हणण्याचा नैतिक अधिकार शासनाला पोचत नाही. म्हणून पाण्याचा नियम आणि कोरडवाहू पिकाचा भाव या दोन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. एक सोडून दुसरी मागणे म्हणजे लहान शेतकऱ्याची फसवणूक होय.

पक्षकार्यकर्त्यांचे काम येथून सुरू होते. अनुदानाचे अर्ज भरून देणे ही सेवा आहे. ते राजकारण नव्हे. पावसाळा सरताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी आणि ऊसतोड मजूर गाव सोडण्याच्या आत, कड्यासारख्या प्रत्येक गावी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडला जावा. प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग माणशी वाट्याने पिकांचे, हा क्रम ठरावा. भूमिहीनाचा वाटा नोंदविला जावा. तो त्याने खंडाच्या जमिनीवर वापरावा वा दुसऱ्यास मोबदल्याने द्यावा. संधारणाचा निधी हा ठराव करणाऱ्या गावास आधी मिळावा आणि देखभालीची तरतूद त्यातच असावी. ज्या बंधाऱ्याला जनतेचा पैसा लागला, त्याच्या पाण्यावर जनतेचा हक्क आहे. तो लेखी मिळेपर्यंत हा लढा थांबता कामा नये.