होम थिएटर कोणासाठी?

दिवाणखान्यात होम थिएटर बसविण्याचा विचार पक्का झाला की पहिला प्रश्न विचारला जातो तो स्पीकर किती, आणि दुसरा वॅट किती. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न गौण आहेत. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीस संवाद कळतील की नाही, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. आपण वैद्यकीय व्यवसायातील मंडळी तो विचारीत नाही, याचे मला नवल वाटते.

'५.१' या आकड्याचा अर्थ सरळ आहे. समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, श्रोत्याच्या दोन्ही अंगांना किंचित मागे दोन, आणि केवळ खर्जासाठी सबवूफर. १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बीची डिजिटल पद्धती चित्रगृहांत आली आणि ही रचना रूढ झाली. तीत बहुतेक सर्व संवाद मधल्या स्पीकरकडे सोपविलेले असतात. मागच्या दोघांकडे पाऊस, गर्दी, रस्त्यावरची वर्दळ. तरीही अनेक तयार संचांत मधला स्पीकर अगदी किरकोळ असतो, आणि घरी आल्यावर तो शोकेसच्या कप्प्यात, फुलदाणीच्या मागे जाऊन बसतो!

वाढत्या वयात कॉक्लियाच्या तळाकडील केसपेशी आधी झिजतात आणि उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम मावळतात. भाषेतील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र बहुतांशी २००० हर्ट्‌झच्या वर पटते. म्हणूनच "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार आपल्या ओपीडीत नित्याची आहे. आवाज वाढविणे हा त्यावरचा इलाज नव्हे. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज लगेच असह्य होतो. त्यात सबवूफरचा दणका असेल तर खालचे स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतात. मग आजोबा "तुम्ही बघा" म्हणून आतल्या खोलीत निघून जातात. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या घरांत ही गोष्ट क्षुल्लक नाही. आजीआजोबांसमवेत मराठी नाटक पाहणे हा नातवंडांच्या कानी सकस मराठी पडण्याच्या मोजक्या प्रसंगांपैकी एक असतो.

म्हणून समोरचे तीन स्पीकर एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच मालिकेतील घ्यावेत आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांवर करावा. मधला स्पीकर पडद्याला लागून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीजवळ, श्रोत्यांकडे तोंड करून असावा. बाजूचे दोन साधे असले तरी चालतात. नाकासमोरच्या रेषेपासून सुमारे ११० अंशांवर त्यांची जागा. ते नंतर घेतले तरी बिघडत नाही.

वॅटच्या आकड्यांविषयी थोडे. खोक्यावर हजारोंच्या घरात छापलेला 'पीएमपीओ' हा आकडा विक्रेत्याच्या समाधानासाठी असतो; आरएमएस किती ते पाहावे. वॅट दुप्पट केले तरी ध्वनिपातळी वाढते ती ३ डेसिबलच. ९० डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर ५० वॅटवर जे देतो, तेच ८७ डेसिबलचा स्पीकर १०० वॅटवर देतो.

यंत्राइतकीच खोली महत्त्वाची. गुळगुळीत फरशी, मोठ्या काचा आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत शब्दांचे काठ प्रतिध्वनीत विरघळतात. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे भरलेले कपाट यांनी जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळदा महागड्या स्पीकरनेही पडत नाही. ॲम्प्लिफायरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढविण्याची सोय असते, ती वापरावी. 'नाइट मोड' असल्यास लहान आणि मोठ्या आवाजांतील तफावत कमी होते; वृद्धांसाठी तो दिवसाही उपयोगी पडतो.

चित्रगृहातला दणका घरात हवाच, असे म्हणणाऱ्या तरुण मित्रांशी मी सहमत नाही. चित्रगृहातील प्रमाण पातळी ८५ डेसिबल धरून क्षणिक उच्चांक १०५ पर्यंत जाऊ दिलेले असतात. अमेरिकेतील नायॉश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. बारा-पंधरा फुटांच्या खोलीत, लहान मुलांच्या शेजारी, एवढ्या आवाजाचे प्रयोजन काय?

जुन्या नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका मुळात एकाच वाहिनीच्या आहेत. त्यांना 'हॉल' किंवा 'स्टेडियम'चे बटण दाबून पाच स्पीकरांवर पसरविणे म्हणजे गायकाला उगीच खोलीभर फिरविणे होय. ज्या घरी मुख्यतः संगीत आणि नाटकच ऐकले जाते, तेथे दोन उत्तम स्पीकर पुरेत, असे मी निःसंकोच सांगेन.

दुकानात जाल तेव्हा आजीआजोबांना बरोबर न्या आणि परिचित नाटकाची चकतीही न्या. दुकानदार स्फोट आणि विमाने ऐकवील. ती ऐकून घ्यावीत. नंतर सबवूफर बंद करावयास सांगून, आवाज नेहमीच्या बोलण्याइतका ठेवून, नाटकातला भरभर बोलला जाणारा एक प्रवेश लावावा आणि काय कळले ते त्यांनाच विचारावे.