नमुना सही कुठे आहे?

बँकेत चेक पास करण्याचे शास्त्र फार साधे आहे. चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहायची. सही कितीही वळणदार असो, नमुन्याशी जुळली नाही की चेक परत! एवढे शहाणपण माझ्यासारख्या बी.कॉम. कारकुनालाही येते. मग स्पीकर विकत घेताना ते भल्याभल्यांना का सुचू नये?

बोरिवलीच्या कुठल्याही दुकानात जा. विक्रेता सर्वांत दणदणीत फिल्मी गाणे लावणार आणि विचारणार, "बेस बघा, साहेब! छाती हलली की नाही?" अहो, छाती हलवायला मला सकाळची लोकल पुरते, आणि तीही महिन्याच्या पासात! 'हाय-फाय'मधला 'फाय' म्हणजे फिडेलिटी, म्हणजे इमान. इमान कोणाशी? मूळ आवाजाशी. आणि या गाण्याचा मूळ आवाज ऐकलाय कोणी? गायिका सोमवारी गाते, ढोलकी गुरुवारी वाजते, व्हायोलिने कॉम्प्युटरातून येतात आणि वरून घुमारा पळीपळीने वाढला जातो. असे गाणे कुठल्याही खोलीत, कोणाहीपुढे कधी झालेलेच नसते. नमुना सहीच नाही, तर ताडणार कशाशी?

म्हणून माझे म्हणणे, दुकानात तंबोरा लावायला सांगा. चार तारा, घोडीवर जवारीचा दोरा, बस्स. पार्ल्याच्या एखाद्या घरगुती बैठकीत माइकशिवाय ऐकलेला तंबोरा कानात ठेवून जा. तार छेडल्यावर तिच्यातून उमलत जाणारे वरचे स्वर कळतात का? की पेटीत मधमाश्या कोंडल्यात? मग तबला. चाटेची धार आणि डग्ग्याची घुमक वेगळी राहते, की दोन्हींची खिचडी होते? शेवटी माणसाचा आवाज. फोनवरच्या पहिल्या 'हं'ला आपण आई ओळखतो; त्या कानाला कोण फसवणार?

अर्थात ध्वनिमुद्रणही इमानी हवे. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचे 'अ मीटिंग बाय द रिव्हर' 1992 साली कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये, मोजक्या माइकांनी सरळ टेपवर उतरवले. वर मसाला नाही. 1994 साली त्याला ग्रॅमी मिळाले. दोघे एका खोलीत बसून वाजवताहेत, हे ज्या स्पीकरातून कळत नाही, तो दुकानातच राहू द्या.

"पण आम्हाला फिल्मीच ऐकायचंय हो!" ऐका की! तंबोऱ्याशी खरे बोलणारा स्पीकर फिल्मी गाण्याशी खोटे बोलत नाही. उलट मात्र काही खात्री नाही.

आणि प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. घरातली पोरे या दणदणाटावर वाढताहेत. उद्या त्यांना खरा तंबोरा ऐकवला, तर ती म्हणतील, "बाबा, याचा बेस वाढवा ना!" कान एकदा खोट्या सहीला सरावले की खरी सहीच बनावट वाटू लागते.

विक्रेता कपाळाला आठ्या घालून म्हणेल, "साहेब, हे काय गाणं आहे?" त्याला शांतपणे सांगा, "गाणं नाही, ही नमुना सही आहे. आता तुमचा चेक दाखवा."