डिपॉझिटमधून फरशी कापणाऱ्या घरमालकांसाठी (त्यात मीही होतो)

मे-जून आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर टेम्पो दिसायला लागतात. अकरा महिन्यांचा करार संपला, सामान बांधलं, चावी परत. मग मालक येतो आणि वाकून फरशी बघतो. "हा डाग कसला? इथे ओरखडा आहे. ही टाइल तडकलीय." झालं, डिपॉझिटमधून पाच-सात हजार गेलेच.

स्पष्टच सांगतो, मीही हे केलंय. सिंहगड रोडवरचा आमचा वन बीएचके भाड्याने द्यायचा म्हणून मी दुकानातली सगळ्यात चकचकीत, पांढरीशुभ्र टाइल आणली. फोटोत फ्लॅट झकास दिसला पाहिजे, एवढाच विचार. दोन वर्षांत किचनच्या सांध्यांत हळद बसली, हॉलमध्ये पलंग सरकवल्याच्या रेघा उठल्या. जाणाऱ्या कुटुंबाचे मी सहा हजार कापले. त्यांच्या आईंचा पाय त्याच टाइलवर, बाथरूमच्या दारात घसरून मनगट मोडलं होतं. त्याचा एक रुपया त्यांनी माझ्याकडे मागितला नव्हता. नंतर लाज वाटली, पैसे परत केले. पण मनगट मोडलं ते मोडलंच.

फरशी बदलताना एका जुन्या गवंड्याकडून जे शिकलो, ते सांगतो.

भाड्याच्या घराला चकाकी नको, टिकाऊपणा हवा. हॉल-बेडरूमला मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाइल घ्या. ती पाणी जवळजवळ पीतच नाही. फुल बॉडी टाइलचा रंग आरपार असतो, त्यामुळे ओरखडा किंवा टवका कमी उठून दिसतो. नुसता वरचा थर रंगीत असलेल्या टाइलचा टवका उडाला की आतली माती दिसते. रंग मध्यम घ्या. पांढरा रंग प्रत्येक डागाची जाहिरात करतो. बाथरूम, बाल्कनी, धुण्याची जागा इथे खरखरीत अँटी-स्किडच, आणि पाण्याचा ढाळ जाळीकडे. किचनच्या सांध्यांत साधा पांढरा सिमेंट न भरता इपॉक्सी भरा. महाग पडतं, पण हळद-तेल पीत नाही.

जुन्या घरात कोटा किंवा शहाबादी असेल तर उखडू नका. कोटा घासून पुन्हा नवा करता येतो. फक्त भाडेकरू गेल्यावर सफाईवाल्याला ॲसिड टाकू देऊ नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडने खातात. मग तो डागही पुढच्या भाडेकरूच्या नावावर!

आणि एक पेटी जादा घेऊन माळ्यावर ठेवा, बॅच नंबरसकट. एक टाइल फुटली तर एकच बदलता येते. नाहीतर शेड जुळत नाही म्हणून अख्ख्या खोलीचं बिल भाडेकरूच्या गळ्यात.

आता मुद्द्याचं. टाइलवर नाणं वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. अशी टाइल कपाटाच्या वजनानेसुद्धा तडकते. तो दोष बसवणाऱ्याचा, राहणाऱ्याचा नाही. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर कलम १४(३) बघा. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला दोष निघाला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पण आपण बिल्डरला पत्र लिहीत नाही. भाडेकरूचे पैसे हातात असतात, तिथे कात्री चालवतो.

"भाडेकरू नीट वापरत नाहीत हो," असं मालक म्हणतात. काही जण नाही वापरत, खरंय. फरशीवर उखळ ठेवून कुटलं आणि टाइल फुटली, तर जरूर भरून घ्या. पण त्यासाठी चावी देताना दोघांनी मिळून खोलीखोलीचे फोटो काढा आणि झीज कोणती, नुकसान कोणतं हे करारात लिहा. चालून फिकी पडलेली फरशी ही झीज आहे. दर महिन्याचं भाडं आपण त्याचंच घेतो ना?

घर त्यांच्या पायाखाली असतं, आपल्या फक्त नावावर. पुढची टाइल निवडताना एकदा तिच्यावर पाणी ओतून अनवाणी चालून बघा. तुमची आई चालेल का तिच्यावर?

तुमच्या डिपॉझिटमधून फरशीसाठी किती कापले, कमेंटमध्ये लिहा. मालकांनीही लिहा. भांडू, पण नीट.