विश्वकोशाची किल्ली
१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. पण मुलांचं वाचन घडतं ते दर आठवड्याच्या ग्रंथालयाच्या तासाला, आणि परीक्षा जवळ आली की नेमका तोच गणिताच्या सरावाला देऊन टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. सातवीच्या मुलांना नुसतं ‘वाचा’ म्हणून भागत नाही, प्रश्न द्यावा लागतो. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली, ती कुठून? एक गट मराठी विश्वकोश काढतो (‘ट’ कितव्या खंडात, इथूनच शोध सुरू), दुसरा वर्तमानपत्रांची कात्रणं चाळतो, कुणी घरी आजोबांना विचारून येतो. वह्यांतली उत्तरं जुळत नाहीत आणि मग वर्ग तावातावाने बोलू लागतो: कुणाचं खरं, कशावरून, हे लिहिलं कधी? रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र आहे, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पानं फाटतील म्हणून विश्वकोश कुलपात ठेवणाऱ्या शाळांनी येत्या जूनपासून कपाटाची किल्ली मुलांकडे सोपवावी, आणि सोबत डिंकाची बाटलीही द्यावी.